बोगदा दीड फुटांचा आहे

रायगड, शिवनेरी, लोहगड धरून बारा किल्ले जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, पण गडांवरच्या गर्दीचा वाद काही मिटला नाही. एक बाजू म्हणते, गड महाराजांचे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे. तिथं जायला नोंदणी कसली? दुसरी म्हणते, पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही, संख्या ठरवाच. इथे अमेरिकेत हा वाद ऐकताना कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डे या राष्ट्रीय उद्यानाचा दाखला द्यावासा वाटतो.

सुमारे 7 हजार फूट उंचीवर, कड्यांच्या कपारींत प्वेब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेल्या सुमारे 600 वास्तू इथे आहेत. बहुतेक 1190 ते 1280 च्या दरम्यानच्या. तेव्हा देवगिरीवर यादव होते. 1300 पर्यंत माणसं दक्षिणेकडे गेली. आजचे होपी, झुनी हे मूळनिवासी समाज ही त्यांचीच लेकरं.

यातलं बाल्कनी हाउस बघायचं तर आधी 130 लोखंडी पायऱ्या उतरायच्या, मग 32 फुटांची लाकडी शिडी चढायची. बाहेर पडताना 12 फूट लांब आणि जेमतेम दीड फूट रुंद बोगदा. पाठीवरची पिशवी काढून, गुडघ्यांवर रांगतच जावं लागतं. शेवटी उघड्या कड्यावरून आणखी दोन शिड्या. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना इथे नेऊ नका. क्लिफ पॅलेस या दुसऱ्या वास्तूलाही ओबडधोबड पायऱ्या आणि आठ-दहा फुटांच्या चार शिड्या आहेतच. आई-बाबांना वरच्या सज्जावरून तो छान दिसतो.

दोन्हीकडे रेंजरशिवाय, म्हणजे उद्यानाचा कर्मचारी सोबत असल्याशिवाय, प्रवेश नाही. माणशी 8 डॉलरचं तिकीट 14 दिवस आधी, तिथल्या वेळेनुसार सकाळी 8 वाजता ऑनलाइन सुटतं. सुट्ट्यांच्या दिवसांत ते पटापट संपतं. रोड ट्रिपवाल्यांची खरी फसगत होते ती मात्र अंतरात. नकाशावर उद्यानाचं फाटक दिसलं की पोचलो असं वाटतं, पण तिथून क्लिफ पॅलेसपर्यंत वळणावळणाचा तासाभराचा रस्ता आहे. वेळ चुकली की तिकीट गेलं. आत पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. सांडलेल्या कणांमागे उंदीर येतात आणि भिंतीखालची माती पोखरतात. भिंतीला टेकायचंही नाही, कारण हाताचं तेल वालुकाश्मात मुरतं. स्प्रूस ट्री हाउस ही आणखी एक वास्तू तर 2015 पासून बंदच आहे. कपारीच्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि वरून दगड सुटतात. ते उघडा म्हणून कुणी कितीही ओरडलं तरी दगड ऐकणार नाहीत.

या शिस्तीला अमेरिकेचं शहाणपण म्हणून डोक्यावर घेऊ नये. आधी इथेही यथेच्छ लूट झाली. 1891 मध्ये नॉर्डनशेल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने उकरून नेलेल्यांपैकी मानवी अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या वस्तू फिनलंडहून परत यायला 2020 उजाडलं. शिस्त आली ती नुकसान झाल्यावर.

तरी तो दीड फुटांचा बोगदा नीट बघावा. एका वेळी एकच माणूस आत यावा म्हणूनच तो तेवढा असावा. लोहगडाचे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे, त्यांच्यामधली ती नागमोडी वाट, हेही त्याच बुद्धीने बांधलंय: शत्रूला घोळक्याने वर येताच येऊ नये. जी वाट फौज अडवायला बांधली, तिच्यात हजारो पर्यटक चढत-उतरत कोंबले की चेंगराचेंगरी ही केवळ वेळेची गोष्ट आहे. म्हणून संख्या ठरवणं हा कुणाच्या हक्कावर घाला आहे, हे मला पटत नाही. ती मर्यादा गड बांधणाऱ्यांनीच घालून ठेवली आहे.

तिकीट मात्र इथल्यासारखं नको. गड फुकटच असावा. जून ते सप्टेंबर, फक्त शनिवार-रविवारी, वेळ ठरवून विनामूल्य नोंदणी. चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची मोजणी गणेश दरवाजाच्या अलीकडे, आणि ते काम कुठल्या ठेकेदाराकडे न देता पायथ्याच्या लोहगडवाडीतल्या पोरांकडे, पगार देऊन.