पेपरचा मालक बदलला म्हणून जुनी जाहीर नोटीस रद्द होत नाही

नाशिकच्या एका जुन्या दैनिकाबद्दलचा मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. म्हणे 20 वर्षांत पेपर तीनदा गुपचूप विकला गेला, बाहेरच्यांच्या हातात गेला, मालकाचं नाव सरकारच दडवतं, आणि मालक बदलल्यामुळे त्यात आलेल्या जुन्या जाहीर नोटिसा रद्द; पुन्हा नव्याने छापून आणा. आमचे मामा पाथर्डी फाट्याच्या प्लॉटची नोटीस नव्याने द्यायला वकिलाकडे निघालेच होते, म्हणून हे लिहावं लागतंय.

आधी नोटिसांचं बघू, कारण खिशाला कात्री तिथेच लागते. जाहीर नोटीस म्हणजे अमुक तारखेला अमुक मजकूर लोकांसमोर ठेवला, याचा पुरावा. पुढे पेपर कुणीही घेवो, छापून वाटलेला अंक काही कोरा होत नाही. कोर्टाचं समन्स पेपरमधून बजावायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 5, नियम 20 काय मागतो? प्रतिवादी शेवटी जिथे राहत होता किंवा धंदा करत होता, त्या भागात खपणारं दैनिक. मालकाचा तिथे उल्लेखही नाही. नोटीस अडचणीत येते ती वेगळ्याच कारणांनी: गट नंबर चुकला, चतुःसीमा चुकली, हरकतीची मुदत लिहायची राहिली, किंवा पेपरमधून नोटिशीचा नुसता चौकोन कापून ठेवला. फायलीत अख्खं पान लावा. वर पेपरचं नाव नि तारीख दिसली पाहिजे. लोक गट नंबर तपासायचा सोडून मालक शोधत बसलेत!

आता ‘सरकार दडवतं’. वृत्तपत्रांच्या नोंदणीच्या 1867 च्या कायद्याचं कलम 6 तरी वाचायचं. मुद्रक-प्रकाशकाचं डिक्लरेशन, म्हणजे घोषणापत्र, कुणालाही 1 रुपया भरून बघता येत होतं, 2 रुपयांत शिक्क्याची नक्कल. मालकी बदलली की डिक्लरेशन नवं करावं लागे. शिवाय 1956 च्या नियमांतला नमुना 4: दर वर्षी फेब्रुवारी संपल्यावर येणाऱ्या पहिल्या अंकात मालकाचं नाव-पत्ता आणि 1 टक्क्याहून जास्त भांडवल असलेले भागीदार-भागधारक छापावे लागत. तेव्हा तीन विक्र्या सिद्ध करायच्या तर वाचनालयात बसून दर वर्षीचा मार्चचा पहिला अंक काढायचा आणि नावं ओळीने मांडायची. मेसेजवाल्याने एकाही अंकाची तारीख दिलेली नाही. (1 मार्च 2024 पासून 1867 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा लागू आहे, नोंदणी प्रेस सेवा पोर्टलवर होते.)

मग तीन मालक आले कुठून? प्रिंटलाइनमधून. तळाच्या त्या बारीक ओळीत मुद्रक, प्रकाशक, संपादक असतात. छपाई नाशिकमधल्याच सातपूरहून अंबडला हलली तरी ती ओळ बदलते. संपादक गेला म्हणजे मालकी गेली असंही नाही: आगरकर ‘केसरी’तून 1887 मध्ये बाहेर पडले, मालकी एकट्या टिळकांकडे आली 1891 मध्ये.

‘बाहेरच्यांच्या हातात गेला’ यावर काय बोलायचं? पुण्याचा ‘सकाळ’ नाशिककर वाचतातच की.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. पेपर कंपनीच्या नावावर असेल तर शेअर विकून ताबा बदलतो आणि मालक म्हणून कंपनीचंच नाव छापून येत राहतं. नमुना 4 मध्ये भागधारक म्हणून दुसरीच कंपनी निघाली, तर वाचक तिथे अडकतो. मग कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून त्या दुसऱ्या कंपनीचं वार्षिक विवरणपत्र काढावं लागतं.