म्हापशाच्या बाजाराचा आराखडा शुक्रवारी बाजारात बसून करा

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारपेठेचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात: पार्किंग आणि नवी इमारत. दोन्ही हव्यात, नाही म्हणत नाही. पण ही पेठ चालते कुणाच्या जिवावर, हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं कापडाचं दुकान याच पेठेत. शुक्रवार हा इथला आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवसाचा गल्ला आणि इतर दिवसांचा गल्ला यांची बरोबरीच नाही. शुक्रवारी गिऱ्हाईक आमची पाटी बघून येत नाही. ते येतं हरमलच्या मिरचीसाठी, मयड्याच्या केळ्यांसाठी, सुक्या बांगड्यांसाठी, आणि जाता जाता आमच्याकडून टॉवेल नाहीतर साडी नेतं. चतुर्थीआधी सत्तरी-डिचोलीच्या बायका माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांचं, सामान घेऊन बसतात, तेव्हा तर आम्हाला जेवायला उसंत नसते. जमिनीवर बसणारी ती बाई उठली, की शटरवाल्यांचंही काही खरं नाही.

गेल्या श्रावणात पेडण्याहून येणाऱ्या एका मावशीपाशी जरा वेळ बसले. पुढ्यात गोणपाट, त्यावर तांबड्या भाजीच्या जुड्या आणि आंबाड्यांचे वाटे, डोक्यावर निळं प्लास्टिक. पावसाची सर आली की प्लास्टिकला पोट सुटायचं. मावशी ते काठीने वर ढकलायची आणि सगळं पाणी शेजारणीच्या टोपलीत. विचारलं, "मावशे, हांगा कितें करपाक जाय?" (इथे काय करायला हवं?) म्हणाली, "बाये, उदकाक वाट जाय आनी बायलांक वचपाक जागो जाय." म्हणजे पाण्याला वाट हवी आणि बायकांना शौचाला जायला जागा हवी. पहाटे पाचला घर सोडलेली ही बाई दुपारपर्यंत घोटभर पाणी पीत नाही, कारण मग जायचं कुठे? आणि गेली तर माल कोण बघणार? मोठमोठ्या अहवालांत शोधूनही हे सापडायचं नाही.

आमच्याच दारातला रस्ता दर डांबरीकरणाला बोटभर वर चढत गेला आणि उंबरठा खाली राहिला. दोन पावसाळे कापडाची गाठोडी फळ्यांवर रचून काढली. जुनं गटार कुठून जातं, हे बाबांनी एका मिनिटात दाखवलं असतं. त्यांना विचारलं कुणी?

कायद्यात विचारायची सोय आहे. फेरीवाल्यांचा 2014 चा कायदा सांगतो की नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. जिथे 50 वर्षांहून जास्त काळ विक्रेते बसत आले, तो बाजार वारसा म्हणून जपायचा आणि त्यांना तिथून हलवायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. 74 व्या घटनादुरुस्तीतल्या प्रभाग समित्या, म्हणजे शहराच्या एकेका भागाच्या समित्या, मात्र तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांनाच बंधनकारक. गोव्यातली एकही नगरपालिका त्यात बसत नाही. म्हणून आपल्याला वाट बघत बसून चालणार नाही, मागणी आपणच लावून धरायला हवी.

आणि हे गोव्याला नवं नाही. लोक रस्त्यावर उतरले म्हणून 2007 मध्ये 'प्रादेशिक आराखडा 2011', म्हणजे राज्यातली जमीन कशी वापरायची याचा आराखडा, रद्द झाला. त्यानंतर 2021 च्या आराखड्यासाठी गावोगाव नकाशे मांडून लोक बसले, आपला ओहोळ, आपलं शेत दाखवू लागले. त्या आराखड्याचं पुढे जे झालं ते झालं, पण नकाशा वाचायला आपण तेव्हा शिकलो. शेतासाठी जमलं ते बाजारासाठी का जमू नये?

माझं म्हणणं एवढंच. बैठक मंगळवारी दुपारी सभागृहात नको, शुक्रवारी बाजारात घ्या. मावशी तिथेच असते. कोण कुठे बसतं, कुठल्या गावाहून येतं, पाणी कुठे तुंबतं, टेम्पो कुठे अडतो, हे आधी कागदावर येऊ दे. वास्तुविशारदाने पेन्सिल त्यानंतर उचलावी.

येत्या शुक्रवारी सकाळी साडेसहाला केळीवाल्यांच्या ओळीपासून मी सुरुवात करणार आहे. वही आणि टेप माझ्याकडे आहे. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी या.