मानेतली गाठ आणि ग्रुपवरचा सल्ला

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ‘मानेत गाठ आणि ईएसआर वाढलेला, म्हणजे टीबीच. सुई लावू देऊ नका, गाठ चिघळते. एकेटी सुरू करा, गाठ गेली की निदान पक्कं.’ (ईएसआर म्हणजे शरीरातली सूज सुचवणारी रक्तचाचणी, एकेटी म्हणजे टीबीची औषधं.)

आपल्याकडे मानेतल्या गाठींमागे टीबी बऱ्याचदा असतो, हे खरंच. पण त्या ‘च’ला आधार नाही. ईएसआर तर रक्तक्षयात वाढतो, गरोदरपणातही वाढतो.

सुईचं म्हणाल, तर एफएनएसीची, म्हणजे गाठीतल्या पेशी ओढून तपासण्याची, सुई साध्या इंजेक्शनच्या सुईएवढीच बारीक. तिच्या वाटेने कॅन्सर पसरणं अतिशय विरळ. उलट त्याच नमुन्यावर सीबीनॅट चाचणी करून टीबीचा जंतू शोधता येतो, सरकारी टीबी कार्यक्रमात तर मोफत. हां, कधी सुई पुरत नाही. जबड्याखालची लाळग्रंथी कडक होऊन थेट कॅन्सरसारखी लागते आणि निघतो आयजीजी-४ चा आजार, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गडबडीने अवयव सुजून कडक होण्याचा. त्यात रक्तातली आयजीजी-४ या प्रतिपिंडाची पातळी कित्येकदा नॉर्मल येते, म्हणून तुकडाच काढून तपासावा लागतो.

‘गाठ गेली की निदान पक्कं’ हे मात्र सगळ्यात फसवं. किकुची नावाचा आजार घ्या. 1972 मध्ये जपानमध्ये त्याची पहिली नोंद झाली. बहुधा तरुण मुली, ताप, मानेत दुखऱ्या गाठी. ईएसआरही वाढलेला. हा आजार साधारण 1 ते 4 महिन्यांत आपोआप ओसरतो आणि एकेटीचा कोर्स असतो निदान 6 महिन्यांचा. म्हणजे गाठ जाणारच होती, श्रेय गोळ्यांना. वर त्या गोळ्यांनी यकृताला त्रास झाला, तर तो फुकटचा. शिवाय किकुचीच्या काही रुग्णांत पुढे ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, निघतो. टीबीचा शिक्का बसला की तिकडे कोण बघणार?

स्टिरॉइडचंही तसंच. त्याने आयजीजी-४ ची गाठ उतरते, तशी लिम्फोमाचीही, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचीही, तात्पुरती उतरते. मग बायोप्सीत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, पॅथॉलॉजिस्टला नेमकं काही सापडत नाही. म्हणून आधी तुकडा, मग स्टिरॉइड.

याला एक मोठा अपवाद आहे. वय पन्नाशीपुढचं, कानशिलात नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, चावताना जबडा भरून येणं, नजर अंधुक होणं: ही जायंट सेल आर्टेरायटिसची, म्हणजे डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराची, लक्षणं असू शकतात. आपल्याकडे हा आजार कमी दिसतो, पण संशय दाट असेल तर डॉक्टर स्टिरॉइड लगेच सुरू करतात आणि बायोप्सी पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतात. गेलेली नजर सहसा परत येत नाही.