'व्हाइल' चालतं, मग अहिराणी का नाही?

इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातल्या लीड्सला नोकरीवर रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं, आज कधीपर्यंत आहात? त्या म्हणाल्या, "आय अ‍ॅम हिअर व्हाइल सिक्स." मी तसाच उभा. शाळेत 'व्हाइल म्हणजे असताना' असं घोकलेलं, त्यामुळे सहा वाजत असताना काय होणार ते त्या पुढे सांगतील असं वाटलं. त्या मात्र कामाला लागल्या. यॉर्कशायरच्या बोलीत 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत', हे नंतर कळलं. दुकान नऊ ते पाच उघडं असेल तर 'नाइन व्हाइल फाइव्ह'.

हा शब्द मुळात नाम. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'काही काळ'. 'अ व्हाइल' म्हणजे थोडा वेळ, 'वर्थव्हाइल' म्हणजे वेळ घालवण्याजोगं. त्या वेळेचं पुढे 'असताना' झालं, आणि दोन गोष्टींतला फरक दाखवताना आपण 'तर' म्हणतो, तेही झालं. आपल्या 'वेळ'मध्येही अशी गंमत आहे. वेळ छान गेला, पण जेवायची वेळ झाली. लिंग बदललं की काळाचा लांबलचक पट्टा जाऊन एक ठरावीक क्षण येतो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही, घरातूनच आलं.

यॉर्कशायरचा तो 'पर्यंत' काही अडाण्यांचा अपभ्रंश नाही. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये राजा रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांचा निरोप घेतो, तेव्हा 'व्हाइल देन' म्हणतो, म्हणजे 'तोपर्यंत'. प्रमाण इंग्रजीने हा अर्थ सोडला, इथल्या लोकांनी जपला. बोलीवरून माणूस जोखणारे इथेही आहेत, नाही असं नाही. पण त्या बाई अहवालात 'अन्टिल' लिहितात, बोलताना 'व्हाइल' म्हणतात, आणि साहेबांसमोर आवाज खाली करत नाहीत.

मी खानदेशातल्या अमळनेरचा, घरची बोली अहिराणी. दुसरीत असताना वर्गात शेजारच्या मुलाला "काय करी राहिना?" म्हणजे 'काय करतोयस?' विचारलं म्हणून हातावर पट्टी खाल्ली. 'शुद्ध बोल' एवढंच गुरुजी म्हणाले. ती पट्टी मी विसरलेलो नाही.

२०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांत पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय एप्रिलमध्ये निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला. त्या दोन महिन्यांत आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीच्या बाजूने रान उठलं होतं. मीही त्यात होतो, आजही आहे. पण त्याच ग्रुपवर एकाने अहिराणीत निरोप टाकला, तर दुसऱ्याने लिहिलं, 'मुलं वाचतात, नीट मराठीत लिही.' हिंदीने मराठीला जे करू नये असं आपण म्हणतो, तेच आपण घरात अहिराणीला करतो आहोत. हे मला मान्य नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांची बोली लेवा, आमची अहिराणी, पण वर्गात दोन्ही 'गावंढळ'च. नाव कमानीवर चालतं, ती बोली मात्र पहिलीच्या बाकावर चालत नाही!

प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. पोराला अर्ज लिहिता आला पाहिजे, परीक्षा देता आली पाहिजे. पण पहिली-दुसरीत मूल 'आते' म्हणालं, तर गुरुजींनी 'पुस्तकात याला आता म्हणतात' इतकंच सांगावं. 'चूक' म्हणू नये. त्याला ना नवा जीआर लागतो ना पैसा.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्याला विचारलं, "काय करी राहिना रे भो?" त्याने आधी आईकडे पाहिलं, मग म्हणाला, "मामा, मी अभ्यास करत आहे." मागून माझी माय ओरडली, "सांग ना, करी राहिनू!" तेव्हा कुठे तो हसला.