छप्पर उतरल्यावर

छप्पर नेमके कुठे गळते, हा प्रश्न कौलारू घरात राहणाऱ्याने चारचौघांत काढू नये, कारण उत्तर प्रत्येकाकडे तयार असते आणि कोणतीही दोन उत्तरे जुळत नाहीत. फुटक्या कौलातून शिरलेले पाणी रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर उतरते, तिथून वाशाला मिळते, वाशाच्या उताराने मनसोक्त प्रवास करते आणि एखादा खिळा आडवा आला, की बरोबर आपल्या उशीवर टपकते. त्यामुळे थेंबाच्या थेट वर भोक शोधणारा हमखास फसतो. तरीही आमच्याकडे आलेला प्रत्येक जाणकार नेमका तिथेच चढला. कौलावर पाय ठेवायचा तो खाली रिपेचा आधार असेल तिथे, मधोमध नव्हे, हे पथ्य कोणालाच ठाऊक नसावे. एका गळतीच्या शोधात वर गेलेला माणूस खाली येईपर्यंत तिला भावंडे झालेली असत.

अखेर सगळे छप्परच बदलायचे ठरले.

मिस्त्रींनी आल्या आल्या एका वाशात टोचा खुपसला, तो थेट मुठीपर्यंत आत गेला. वाळवी ही मोठी सभ्य जात आहे: बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून ती आतले लाकूड खाते, म्हणजे घरमालकाला उगीच वाईट वाटायला नको. मी मनात हिशेब केला. चौरस मीटरला साधारण १५ कौले, एकेक कौल दोन-अडीच किलोचे. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपराचा भार तीन टनांहून कमी नाही, आणि आम्ही त्याच्याखाली निवांत घोरत होतो.

"मग हे आजवर पडले कसे नाही?" मी विचारले.

"सवयीनं उभं आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले.

कौले उतरली आणि घराचा सगळा दरारा गेला. दाराला कडी लावणे हा केवळ उपचार उरला. कौलांऐवजी पन्हाळी पत्रे घाला, असे सुचवणारे लोकही याच सुमारास आले. सहा मीटरचा लोखंडी पत्रा ४० अंशांनी तापला, की जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो, संध्याकाळी निवताना पुन्हा आखडतो आणि या रोजच्या ओढाताणीत स्क्रूची भोके मोठी होतात, हे मी कुठेतरी वाचले होते. ते मी ऐकवले, तेव्हा "स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खोलगटात नाही, तिथून पाणी वाहतं," असे मलाच सुनावण्यात आले. सल्ला बिनचूक होता. तो देणाऱ्याचे स्वतःचे घर स्लॅबचे होते, एवढेच.

आणि मग अवकाळी पाऊस आला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे जो शिडकावा हवामान खाते हलक्या सरींत मोजते, त्याचेही आमच्या वाट्याला हजार लिटर येऊ शकते. वासे नसल्याने सैल पडलेल्या ताडपत्रीला जागोजागी पोटे सुटली. प्रत्येक पोटाखाली घरातले एकेक माणूस झाडूचा दांडा घेऊन उभे राहिले. एकाने आपले पोट वर ढकलले, की ते पाणी दुसऱ्याच्या पोटात जाई, त्याने ढकलले की तिसऱ्याच्या, आणि अशा रीतीने बराच वेळ पाणी घराबाहेर न जाता नात्यागोत्यांतच फिरत राहिले. आपली बाजू भक्कम ठेवून पाणी गुपचूप जावयाच्या दिशेने कसे लोटावे, याचे उत्तम तंत्र सासऱ्यांना अवगत असल्याचे मला त्या रात्री कळले.

कौले वळचणीपासून वर रचत नेतात, कारण वरच्या ओळीने खालच्या ओळीवर चढायचे असते. साहजिकच आढ्यावरची कौले शेवटी बसतात, आणि ती बसेपर्यंत दोन्ही पाख्यांच्या मधली फट पावसासाठी राखीव असते. मिस्त्री नेमके याच टप्प्यावर दुसऱ्या कामावर गेले. फोनवर ते रोज "निघालोच" म्हणत. कुठून, ते सांगत नसत.

अखेर आले, आढे बंद केले आणि उरलेल्या कौलांचा ढीग मागे ठेवून निघाले. तो नेण्याविषयी सुचवताच "राहू द्या, लागतील," म्हणाले. नव्याकोऱ्या छपराला इतकी कौले कशाला लागतील, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. ढीग मी भिंतीशी नीट रचला आणि भिजू नये म्हणून त्यावर ताडपत्री घातली.