'वाचलेलं 10 टक्के, केलेलं 90 टक्के': हे आकडे आले कुठून?

पावसाळा लागला, हॉटेलं थंडावली की ट्रेनिंगवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक चित्र फिरू लागतं. माणसाच्या लक्षात वाचलेलं 10 टक्के राहतं, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30, पाहून-ऐकून 50, बोललेलं 70 आणि केलेलं 90. तात्पर्य काय, तर मोठ्या माणसांना वाचायला लावू नका; छोटे व्हिडिओ दाखवा, नि ज्याला जे माध्यम आवडतं त्यातूनच शिकवा. गोव्यातल्या हॉटेलांच्या किचन-स्टाफसाठी ऑनलाइन धडे बनवणं हा माझा धंदा, त्यामुळे हे चित्र मला दरवर्षी पुरावा म्हणून दाखवलं जातं.

आधी आकडे. चित्राखाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव असतं. डेल यांनी 1946 साली अनुभवांचा शंकू मांडला हे खरं. पण तो प्रत्यक्ष अनुभवापासून निव्वळ शब्दांपर्यंतची चढण दाखवतो, त्यात टक्केवारी नाहीच. ती मागाहून कुणीतरी डकवली. शिवाय काय वाचलं, कुणी, किती दिवसांनी विचारलं, याचा पत्ता नाही, आणि उत्तरं मात्र सगळी दहाच्या पाढ्यातली!

'वाचन वाया' म्हणाल तर 2006 सालचा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग पाहा. कॉलेजच्या मुलांनी उतारे वाचले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, नुसतं वाचणाऱ्यांना 42. वाचन दोघांचंही झालं होतं, फरक आठवण्याने पडला. म्हणून मी व्हिडिओ असो वा मजकूर, मध्येच विचारते: रात्री 11 ला वीज गेली, पहाटे 5 ला आली, फ्रीजमधली सुंगटं (कोळंबी) ठेवायची की टाकायची? 'मासळी 5 अंश सेल्सिअसखाली ठेवा' हे ऐकून मान डोलावणं सोपं. इथे वास बघून ठेवतो म्हणणारे निघतातच.

आवडत्या माध्यमाचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तसं शिकवल्याने फायदा होतो याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, ती असू दे.

छोट्या व्हिडिओंशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जूनमध्ये सगळे एका दमात संपवून सर्टिफिकेट वाटण्याशी. पर्यटनाचा सीझन सुरू होतो ऑक्टोबरात. तेच प्रश्न ऑगस्टात, सप्टेंबरात फिरून विचारायला हवेत, पण तेवढं बजेट कुणाकडे नसतं म्हणे.

उरलं 'केलेलं 90 टक्के'. हाताने केल्याशिवाय मासळी साफ करता येत नाही, कबूल. पण 'नेक्स्ट' बटण दाबणं म्हणजे करणं नव्हे. पंधरा वर्षं चुलीपुढे काढलेल्या पेडण्याच्या आचाऱ्याला हात कसे धुवावेत याचा व्हिडिओ, तोही पुढे सरकवता न येणारा? त्याला प्रश्न आधी द्या. उत्तरं बरोबर आली तर तो धडा त्याच्यापुरता संपला, जाऊ द्या त्याला घरी.