‘कॉलेजात आजार सांगू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागून प्रवेश सुरू झाले की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरतोय. ‘दिव्यांग मुलांच्या पालकांनो, सावधान!’ अशी सुरुवात. मग मुद्दे. कॉलेजच्या अर्जात दिव्यांगत्व लिहू नका, डिग्रीवर शिक्का बसतो, नोकरी लागत नाही, मुलीचं लग्न जमत नाही. सिकलसेल हे दिव्यांगत्व नाहीच, तो रक्ताचा आजार. दिव्यांगत्व 40 टक्क्यांच्या खाली असेल तर काहीही मिळत नाही. लेखनिक, म्हणजे आपण सांगू ते लिहिणारा माणूस, घेतला की पेपर वेगळे काढून कमी मार्क देतात. बारावीला सवलत होती तर कॉलेजात ती आपोआप चालू राहते. आणि शेवटी, प्रमाणपत्र हवंच असेल तर खालच्या नंबरवर फोन करा.

मागच्या वर्षी हा मेसेज माझ्या ताईच्या फोनवर आला. तिची मुलगी सिकलसेलग्रस्त आहे. एका पालकाकडूनच दोष आलेली वाहक नाही, तर एसएस, म्हणजे दोघांकडूनही आलेली. गाव नागभीडकडचं. पोरगी बीएस्सीला लागली, आणि ताईने प्रवेशाच्या फाइलमधून प्रमाणपत्र काढून घरच्या पेटीत ठेवलं. अर्जातला दिव्यांगत्वाचा रकाना कोरा. मी विचारलं तर म्हणाली, “कायले सांगावं बापा, पोरीच्या जातीचं हाय.” तिला हे कुणा अडाण्याने शिकवलं नव्हतं. गावातल्या शिकलेल्या माणसाने फॉरवर्ड केलेल्या मेसेजने शिकवलं होतं. म्हणून हे लिहितोय, आणि ज्यांनी तो पुढे ढकलला त्यांनीही वाचावं.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करणारा, म्हणून तिथेच जरा थांबतो. डिग्रीवर शिक्का बसतो म्हणे. माझा एक अंध मित्र आहे, त्याने अख्खं बीए लेखनिक घेऊन केलं. त्याची पदवी आणि माझी पदवी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहे. नाव, विद्याशाखा, श्रेणी, वर्ष, कुलगुरूंची सही. त्याच्या कागदावर माझ्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. ज्याला पटत नसेल त्याने आपल्या गावातल्या अशा एखाद्या पदवीधराकडे जाऊन कागद बघावा.

नोकरीचं तर उलटं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 34 प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, वयोमर्यादेत 5 वर्षांची सूट आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर दिव्यांग विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. या सगळ्याला तेच प्रमाणपत्र लागतं, जे हा मेसेज पेटीत ठेवायला सांगतो.

आता लग्न. हे वाक्य लिहिणाऱ्याने आमच्या भागाचं किती वाईट केलं आहे ते त्याला कळत नसेल. सिकलसेल लपवून लग्नं झाली की तो पुढच्या पिढीतही पोचू शकतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून तर आशाताईपासून डॉक्टरपर्यंत सगळे लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगत फिरतात. आणि कॉलेजात दिलेला अर्ज प्राचार्यांच्या आणि परीक्षा विभागाच्या फाइलीत राहतो. तो वाचायला पाहुणे येत नाहीत. ज्याला खरंच काळजी असेल त्याने अर्जात एक ओळ लिहावी की ही माहिती फक्त संबंधित कर्मचाऱ्यांपुरती ठेवावी.

रकाना कोरा सोडल्याने काय झालं ते सांगतो. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी भरपूर प्यावं लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की कळा सुरू होण्याची भीती. त्यात या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून लघवीलाही वारंवार जावं लागतं. बारावीला तिच्या शाळेतल्या बाईंनी हे केंद्रावर आधीच सांगून ठेवलं होतं. दाराजवळचा बाक, सोबत पाण्याची बाटली, मधे उठायची मुभा. कॉलेजात कुणाला काही माहीतच नव्हतं. वर्गांतर्गत परीक्षेला पर्यवेक्षकाने पहिला तास कुणालाही बाहेर सोडणार नाही म्हणून सांगितलं, बाटल्या दाराबाहेर ठेवायला लावल्या. त्या माणसाला दोष देणार कसा, त्याच्या हातात कागद कुठे होता? पोरीने पुढच्या पेपरच्या दिवशी एक उपाय काढला. सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, म्हणजे उठावं लागणार नाही. थंडीचे दिवस, प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, दोनदा चढउतार. संध्याकाळी मांड्यांत आणि पाठीत अशा कळा सुरू झाल्या की रात्रीच गाडी करून दवाखान्यात न्यावं लागलं. सलाइन, दुखण्याची इंजेक्शनं, राहिलेला पेपर बुडाला, आणि हजेरी कमी पडली ती वेगळीच.

हे सगळं टळलं असतं. एका पानाच्या अर्जाने. कॉलेजला ना इमारत बांधायची होती ना पैसे खर्च करायचे होते.

‘सिकलसेल हे दिव्यांगत्व नाही’ हा मुद्दा सरळ खोटा आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात तो नव्हता. 2016 च्या कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत, त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल तिन्ही नावानिशी आहेत. हा कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे. इतक्या वर्षांनंतरही आमच्याकडे दिव्यांग म्हटलं की डोळ्यांपुढे कुबडी नाहीतर काळा चष्माच येतो. चालता-बोलता दिसणारी पोरगी मग कामचुकार ठरते. एवढं मात्र मान्य करावं लागेल की वाहकाला, म्हणजे एएसवाल्याला, हे प्रमाणपत्र मिळत नाही, कारण त्याला आजार नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने कदाचित कुठल्यातरी वाहकाला परत पाठवलेलं पाहिलं असेल आणि तेवढ्यावरून सगळ्यांना घरी बसवलं.

40 टक्क्यांचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण तो कॉलेजातले बाबूही छातीठोकपणे सांगतात. आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांना 40 टक्के लागतात, हे खरं. पण वर्गात आणि परीक्षेत सोय मिळण्यासाठी ती अट नाही. कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या वेगळी आणि 40 टक्क्यांवरच्या व्यक्तीची वेगळी आहे, आणि पहिल्या व्याख्येत टक्क्यांचा उल्लेखच नाही. सरकारने निधी किंवा मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय द्यावी, असं कलम 16 म्हणतं. तिथेही टक्के नाहीत.

हे मी माझ्या मनाने सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच सांगितलं. विकास कुमार यांच्या हाताला लिहिताना पेटके यायचे. नागरी सेवा परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला, आयोगाने तुम्ही 40 टक्क्यांत बसत नाही म्हणून नाकारला. एम्सने त्यांचं दिव्यांगत्व मोजलं ते 6 टक्के. न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला की 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांपुरती आहे, ती लावून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच निकालावरून केंद्र सरकारने 10 ऑगस्ट 2022 रोजी, 40 टक्क्यांच्या आतल्या पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या सगळ्यात मोठ्या परीक्षेला 6 टक्केवाल्या माणसाला लेखनिक मिळू शकतो, तर तालुक्याच्या कॉलेजात बीएच्या पोराला अर्धा तास जास्त का मिळू नये? बाबूने 40 टक्के म्हटलं की या निकालाची प्रत अर्जाला जोडा. मोबाइलवर मिळते, कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे निघते.

लेखनिकाचे पेपर वेगळे काढून कमी मार्क देतात, या अफवेला फार शब्द घालवत नाही. माझा तो मित्र प्रथम श्रेणीत पास झाला आहे. अडचण असते ती वेगळीच. ऐन पेपरच्या सकाळी लेखनिक शोधत बसतात. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचं असावं लागायचं, आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळायचा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. विद्यापीठांचे आपापले नमुने असतात, म्हणून परीक्षा अर्ज भरतानाच परीक्षा विभागात विचारून नाव कळवून ठेवा. धान कापणीच्या दिवसांत हिवाळी परीक्षा येते, गावात तेव्हा मोकळं पोरगं सापडत नाही, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको.

बारावीची सवलत आपोआप पुढे चालू राहते, हा तर पहिल्या मुद्द्याच्या अगदी विरुद्ध. आधी सांगू नका म्हणायचं, मग आपोआप मिळते म्हणायचं. ज्याला सांगितलंच नाही त्याच्याकडून मिळणार कशी? शाळेत सगळं शाळेनेच केलेलं असतं. मुख्याध्यापक मंडळाकडे प्रस्ताव पाठवतात, विशेष शिक्षक मागे लागतात, पालकाला फक्त सही करायची असते. कॉलेजात ते कुणी करत नाही. मंडळ वेगळं, विद्यापीठ वेगळं. गोंडवाना असो, नागपूर असो की अमरावती, बोर्डाची फाइल तिकडे जात नाही. आता मागायचं काम विद्यार्थ्याचं. याची सवय आपल्या पोरांना नसते, सरांसमोर उभं राहिलं की घसा कोरडा पडतो, म्हणून कागद लिहून न्यायचा.

अर्ज प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांच्या नावाने द्यावा, प्रत परीक्षा विभागाला. नुसतं ‘मी दिव्यांग आहे, सहकार्य करावे’ असं लिहू नका, त्यातून काहीच घडत नाही. काय हवं ते नेमकं लिहा. भाचीच्या अर्जात यंदा आम्ही हे लिहिलं: परीक्षेत तळमजल्यावरची खोली, दाराजवळचा बाक, पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि मधे उठण्याची परवानगी, तेवढा वेळ भरून मिळावा, दवाखान्यात भरती असताना बुडालेली हजेरी कागदपत्रं पाहून धरावी आणि बुडालेली वर्गांतर्गत परीक्षा पुन्हा घ्यावी. सोबत प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि डॉक्टरांचं पत्र, ज्यात या सोयी का लागतात ते दोन ओळींत आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. कमी ऐकू येणाऱ्या मुलाने पहिला बाक आणि लेखी नोट्स मागाव्यात, कमी दिसणाऱ्याने मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका. ज्याची त्याची गरज वेगळी.

राहिला तो खालचा नंबर. मेसेजचा खरा हेतू मला तिथेच दिसतो. आधी घाबरवायचं आणि मग प्रमाणपत्र विकायचं. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायला काहीही फी नाही. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात. सिकलसेलसाठी पक्क्या निदानाचा रिपोर्ट लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी ही पहिली, ढोबळ चाचणी पुरत नाही, एचपीएलसी या पक्क्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा. त्रास होतो हे मी नाकारत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या दूरच्या गावातून निघालेल्याची दिवसभराची मजुरी बुडते आणि कधी डॉक्टर रजेवर निघतात. म्हणून तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार आधी फोन करून विचारा. पण या त्रासाला घाबरून एजंटकडून कागद घ्याल तर तो खोटा निघाला की त्याच 2016 च्या कायद्याचं कलम 91 आहे. खोटेपणाने लाभ घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा एजंटचा नंबर बंद असेल आणि नाव तुमच्या पोराचं असेल.

कॉलेजने अर्ज घ्यायलाच नकार दिला तर तो स्पीड पोस्टाने, पोच मागून पाठवा. पोच येते, तीच पावती. तोंडी ‘बघू’ म्हणाले तर लेखी उत्तर मागा. तरीही हललं नाही तर विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाकडे आणि पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, साधा मराठीत लिहिलेला अर्ज आणि त्या शिक्का मारलेल्या प्रतीची झेरॉक्स पुरते.